हस्की पाळायचा तर घड्याळ, कंगवा आणि कडी

मार्च संपत आला की मला एक फोन हमखास येतो. माणूस वेगळा असतो, प्रश्न तोच. “अहो, उकाडा फार वाढलाय, आमच्या हस्कीचं चकोट करून टाकू का?” यंदा तर एकाने आधी मशीन फिरवलं आणि मग फोन केला.

आमची ठकी आता सात वर्षांची आहे. मामेभाऊ ऑस्ट्रेलियाला गेला तेव्हा दीड वर्षाची असताना ती आमच्या पुण्यातल्या धायरीच्या रो-हाऊसमध्ये आली. नाव त्यानेच ठेवलेलं, लाकडी बाहुलीवरून. नावातला दुसरा अर्थही खरा आहे हे आम्हाला पहिल्याच आठवड्यात कळलं. मी डॉक्टर नाही, त्यामुळे औषधाची मात्रा वगैरे इथे सापडणार नाही. रोज काय करावं लागतं, कशात आम्ही चुकलो आणि आता काय करतो, तेवढं क्रमाने सांगतो.

अजून पिल्लू घेतलेलं नसेल तर माझा सल्ला सरळ आहे: महाराष्ट्रात राहून हस्की घेऊ नका. हौसेचं मोल कुत्र्याने मोजायचं हे मला पटत नाही. तरीही घेणारच असाल तर आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू घेऊ नका. २०१७च्या केंद्रीय नियमांनुसार ते विकताच येत नाही आणि ब्रीडरची राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी असावी लागते. नोंदणीचा कागद मागितल्यावर जो विषय बदलतो, त्याच्याकडून उठून या. किंवा आमच्यासारखं, कुणाला सांभाळणं जमत नसलेलं मोठं कुत्रं घ्या. दर उन्हाळ्यात अशी कितीतरी दत्तक द्यायला येतात.

हा प्राणी कशासाठी बनलाय

सायबेरियाच्या ईशान्य टोकाला राहणाऱ्या चुकची लोकांनी हलकी गाडी बर्फावरून लांबवर ओढायला ही कुत्री तयार केली. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात ती अलास्कात पोचली. नर २० ते २७ किलो, मादी १६ ते २३ किलो. म्हणजे फोटोत दिसतो तेवढा हा कुत्रा थोराड नसतोच, अर्धा देह केसांचा असतो. थोड्या अन्नावर खूप पळणं, थंडी अंगावर घेणं आणि वाटेतला बर्फ धोक्याचा वाटला तर मालकाचा हुकूम मोडणं, हे तीन गुण त्याच्यात पिढ्यानपिढ्या मुरलेत. आपल्या घरात आल्यावर त्यांचंच रूपांतर तीन तक्रारींत होतं: जेवत नाही, उन्हात झेपत नाही, ऐकत नाही.

घड्याळ

पुण्यात एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशीला टेकतो, नागपूरला पंचेचाळीस. हस्की घरात आला की घरातली माणसं पाचला उठायला लागतात, त्याला इलाज नाही. आमचं फेब्रुवारीअखेर ते जूनमधल्या पहिल्या पावसापर्यंतचं वेळापत्रक असं: पहाटे पाचला बाहेर, साडेसहाच्या आत घरी. रात्री दहानंतर दुसरी फेरी. मधल्या वेळात फक्त शी-शूपुरतं, सावलीत, पाच मिनिटं. संध्याकाळी सहाला ऊन कललं म्हणून लोक बाहेर पडतात तिथेच फसतात, कारण डांबर दिवसभराचं तापलेलं असतं. आपल्या हाताची मागची बाजू रस्त्यावर टेकवा आणि सात आकडे मोजा. हात उचलावासा वाटला तर कुत्र्याला परत घरात न्या.

घरात काय लागतं? एसी असेल तर उत्तम. पण बर्फासारखी खोली करायची गरज नाही, २४-२५ वर लावलेला पुरतो. नुसत्या पंख्यावर मात्र विसंबू नका. आपल्याला पंखा गार वाटतो तो घाम वाळतो म्हणून. कुत्र्याला घाम येतो तो जवळजवळ फक्त तळव्यांना. तेव्हा आधी पोट, काखा, जांघा आणि पंजे ओल्या हाताने भिजवा, मग पंखा लावा. शहाबादी फरशी असलेली खोली ही जुन्या घरांची देणगी आहे, तिथला गालिचा उन्हाळ्यापुरता गुंडाळून ठेवा. कूलर विदर्भात, मराठवाड्यात चालतो. मुंबई, कोकण, गोवा इथे हवेतच इतकी ओल असते की कूलरचा उपयोग होत नाही, उलट त्रास वाढतो. त्याच कारणाने कुत्र्याचं धापा टाकणंही तिथे तोकडं पडतं, म्हणून मुंबईतला ३३ अंशांचा दिवस पुण्यातल्या ३८ पेक्षा सोपा समजू नका.

दुपारी लाईट जाते तेव्हा काय, याचा विचार आधी करून ठेवा. आमच्याकडे इन्व्हर्टरवर एक पंखा, फ्रीजरमध्ये पाण्याच्या गोठवलेल्या चार बाटल्या आणि न्हाणीघरात पसरट घमेलं असतं. ठकी घमेल्यात बसते आणि अर्धं पाणी बाहेर उपसते. उपसू दे.

ऊष्माघाताबद्दल मात्र सविस्तर सांगतो, कारण इथे मिनिटांचा हिशेब असतो. कुत्र्याचं नेहमीचं तापमान १०१ ते १०२.५ फॅरनहाइट. १०४च्या वर गेलं की काळजी, १०६च्या आसपास जिवावरचं संकट. मोजायचं गुदद्वारातून, डिजिटल थर्मामीटरने, टोकाला व्हॅसलीन लावून. ही सवय कुत्रं धडधाकट असतानाच लावा. खुणा अशा: थांबता न थांबणारी जोरदार धाप, चिकट दाट लाळ, लालभडक हिरड्या, मग लडखडणं, उलटी, नजर हरवणं. अशा वेळी हा क्रम पाळा:

१. लगेच सावलीत किंवा घरात घ्या. गाडीत घालून डॉक्टरांकडे पळू नका. आधी थंड करणं, मग प्रवास.

२. नळाच्या साध्या पाण्याने सगळं अंग भिजवा. केसांवरून पाणी ओघळून जातं, म्हणून बोटांनी केस फाकून पाणी कातडीपर्यंत पोचवा. दुसऱ्याने पंखा धरावा.

३. ओला टॉवेल अंगावर पांघरून ठेवू नका. दोन मिनिटांत तो गरम होतो आणि घोंगडीचं काम करतो.

४. शुद्धीवर असेल तर पाणी पुढे ठेवा, घोट-घोट पिऊ द्या. तोंडात ओतू नका.

५. एक जण डॉक्टरांना फोन करून येत असल्याचं कळवू दे. तापमान १०३वर आलं की अंगावर पाणी घालणं थांबवा, नाहीतर ते खाली घसरत जातं.

६. गाडीचा एसी आधी चालू करा, मग कुत्र्याला बसवा.

कुत्रं उठून शेपटी हलवायला लागलं तरी डॉक्टरांना दाखवाच. मूत्रपिंडाला आणि रक्त गोठण्याच्या क्रियेला झालेली इजा एक-दोन दिवसांनी वर येते.

कंगवा

आता तो मशीनचा प्रश्न. हस्कीच्या अंगावर दोन थर असतात: आत दाट मऊ लव, वर लांब राठ केस. वरचे केस ऊन, धूळ आणि पाणी अडवतात. मशीन फिरवलं की खालची गोरी कातडी उन्हात उघडी पडते. शिवाय या जातीत कापलेले केस परत नीट येतीलच याची खात्री नसते. कधी आधी लव येते आणि वरचे केस मागे राहतात, कधी महिनोन् महिने चट्टे तसेच दिसतात. ज्यांनी आधी मशीन फिरवलं त्या गृहस्थांना मी एवढंच सांगू शकलो की आता उन्हात नेऊ नका आणि धीर धरा. डॉक्टरांनी सोनोग्राफीसाठी पोट भादरलं किंवा जखमेभोवतीचे केस काढले तर ती गोष्ट वेगळी, तिथे हुज्जत घालू नका.

पण ‘हस्कीचे केसच त्याला गार ठेवतात’ हे वाक्यही अर्धवट आहे. मेलेली लव अंगावरच गच्च बसून राहिली तर हवा खेळत नाही आणि ती घोंगडीच होते. म्हणजे जे काढायचं ते ही गळालेली लव, आणि ती कंगव्याने.

हत्यारं तीन पुरतात. वाकड्या बारीक तारांचा स्लिकर ब्रश, लांब दातांचा अंडरकोट रेक आणि शेवटी तपासायला स्टीलची फणी. धारदार पात्याचे डीशेडिंग ब्रश मिळतात, ते पहिल्या दिवशी जादू करतात. पण लवेबरोबर वरचे केसही कापतात. आमचा तसा एक ब्रश माळ्यावर पडून आहे.

पद्धत अशी. जमलं तर गच्चीवर, घरात असाल तर पंखा बंद करून. केसांवर पाण्याचा हलका फवारा मारा, कोरडे केस विंचरताना तुटतात. कुत्र्याला कुशीवर झोपवा. डाव्या हाताने केस वर उचलून धरा म्हणजे कातडीची एक रेघ दिसेल. त्या रेघेपासून खाली थोडे-थोडे केस सोडत विंचरा, मग रेघ दोन बोटं वर सरकवा. वरवर ब्रश फिरवला तर वरचे केस चकचकीत दिसतात आणि खाली केसांचा घट्ट गुंता, नमदाच, तयार होतो. कानामागे, मानेच्या झुपक्यात, मांड्यांच्या मागच्या लांब केसांत आणि शेपटीच्या बुडाशी जास्त वेळ द्या. एकाच जागी रेक दहा वेळा ओढू नका, कातडी सोलवटते. शेवटी फणी अडखळल्याशिवाय गेली पाहिजे. एरवी आठवड्यातून तीनदा वीस मिनिटं. वर्षातून दोनदा लव झडते तेव्हा दोन-तीन आठवडे रोज अर्धा-पाऊण तास. मादी असेल तर माजानंतरही केस जातात. शहरात, दिव्यांच्या उजेडात आणि एसीत राहणारी कुत्री थोडीफार वर्षभरच झडत राहतात. पहिल्या वर्षी मी निघालेली लव गंमत म्हणून पिशवीत साठवली. उशीचा अभ्रा भरला तेव्हा बायकोने ती गंमत बंद केली.

आंघोळ दीड-दोन महिन्यांतून एकदा. विंचरल्याशिवाय पाणी घालू नका, गुंता ओला झाला की कात्रीच लागते. या केसांत पाणी कातडीपर्यंत शिरायलाच पाच-सात मिनिटं लागतात. शाम्पू कुत्र्यांचाच, मगभर पाण्यात पातळ केलेला. निथळणारं पाणी स्वच्छ येईपर्यंत धुवा, आणि त्यानंतर आणखी एकदा धुवा.

खरं काम वाळवण्याचं. टॉवेलने दाबून पाणी टिपा, घासू नका. मग जोरदार हवेचा ब्लोअर, गार किंवा कोमट. आपला हेअर ड्रायर कातडी भाजतो आणि दोन तासांत स्वतःही जळतो. बोटं लवेत खोल घालून पाहा. वर कोरडं आणि आत दमट असेल तर काम संपलेलं नाही. जुलै-ऑगस्टमध्ये याच दमटपणातून हॉट स्पॉट उठतो. रात्री काही नसतं, सकाळी तळहाताएवढा लाल, ओला, केस गेलेला डाग. त्यावर हळद-तेलाचा लेप देऊ नका, तेलाने ओल आत कोंडते आणि कुत्रं ते चाटत बसतं. गळ्यात प्लॅस्टिकचा शंकूसारखा कोन घाला, चाटणं थांबवा आणि डॉक्टरांकडे जा. पावसाळ्यात आम्ही आंघोळ जवळजवळ घालतच नाही. फिरून आल्यावर पंजे आणि पोट धुऊन पुसायचं, पुन्हा ब्लोअर, बस्स.

नखं फरशीवर टकटक वाजायला लागली की कापायची. हस्कीला नखं कापणं म्हणजे अन्याय वाटतो आणि तो अन्याय तो सगळ्या गल्लीला ओरडून सांगतो. रोज एकच नख, नंतर उकडलेल्या अंड्याचा तुकडा. अठरा दिवसांत फेरी पूर्ण.

गोचीड आणि रुसवा

आपल्याकडे उन्हाच्या खालोखाल कुत्र्याच्या जिवावर उठणारी गोष्ट म्हणजे गोचीड. तपकिरी गोचीड चावली की तिच्यातून एर्लिकिया, बबेसिया असे जंतू रक्तात शिरतात. सगळे त्याला ‘टिक फीवर’ म्हणतात. लॅब्रडॉर जेवला नाही तर घर हादरतं. हस्की मुळात कमी खाणारा, उन्हाळ्यात एखादं जेवण आपणहून सोडणारा. म्हणून ठकीने दोन दिवस ताट हुंगून सोडलं तेव्हा आम्ही तो रुसवा समजलो. तिसऱ्या दिवशी हिरड्या पांढुरक्या दिसल्या, रक्त तपासलं तर प्लेटलेट पार घसरलेले. महिनाभर औषध चाललं, निभावलं. तेव्हापासूनचा नियम असा: एक जेवण सोडलं तर काही नाही, दोन सोडली तर ताप मोजायचा आणि हिरड्या बघायच्या. ताप, मरगळ, नाकातून रक्त, पोटावर लाल बारीक ठिपके किंवा गडद लघवी यांतलं काहीही दिसलं की त्याच दिवशी रक्ततपासणी. घरातली तापाची गोळी कुत्र्याला देऊ नका. आपली साधी औषधंही त्याला विष ठरू शकतात.

गोचीड शोधायची ती बोटांनी, डोळ्यांनी नव्हे. या केसांत काही दिसत नाही. रोज फिरून आल्यावर कानाच्या आत, गळपट्ट्याखाली, काखेत, बोटांच्या बेचक्यांत आणि शेपटीखाली बोटं फिरवा. मसुराएवढं काही लागलं तर केस फाका. चिमट्याने कातडीला अगदी लागून पकडा आणि सरळ ओढा. रॉकेल, काडी, मीठ नको. बोटांनी चिरडू नका, स्पिरिटच्या बाटलीत टाका. रक्त पिऊन टच्च फुगलेली एक मादी भिंतीच्या फटीत हजारांनी अंडी घालते, त्यामुळे एक सापडली की कुत्र्याबरोबर पलंगाखालच्या फटी, दाराच्या चौकटी आणि पायपुसणीही तपासा. महिन्या-तीन महिन्यांनी द्यायच्या गोळ्या चांगलं काम करतात. पण कुत्र्याला कधी फिट आली असेल तर ते डॉक्टरांना आधी सांगा. मानेवर टाकायचे थेंब वापरत असाल तर आधी-नंतर दोन दिवस आंघोळ नको. घरात मांजर असेल तर परमेथ्रिन असलेलं औषध वर्ज्य, मांजर दगावतं.

लसींचं वेळापत्रक डॉक्टर देतीलच. लेप्टोस्पायरोसिसची लस मात्र आठवणीने पावसाळ्याआधी. साचलेल्या पाण्यात उंदरांचं मूत्र असतं आणि हस्कीला डबकी आवडतात.

खाण्याबद्दल एक गोष्ट मराठी घरांना मुद्दाम सांगण्यासारखी. हस्की आणि मॅलम्यूट या जातींत काही कुत्र्यांना जस्त नीट शोषता येत नाही. डोळ्यांभोवती, ओठांच्या कडेला, कोपरांवर खपल्या धरतात, केस जातात. पोळी, भाकरी, कोंडा यांत फायटेट असतात, ते जस्त आणखी अडवतात. वरून दूध किंवा कॅल्शियमच्या गोळ्या दिल्या तर भरच पडते. ‘आमचा कुत्रा दूध-पोळीवर वाढलाय’ हे कौतुक हस्कीच्या बाबतीत महागात पडतं. मात्र खपली दिसली म्हणजे जस्तच कमी असं नाही, खरूज किंवा बुरशीही असू शकते. जस्ताची गोळी मनाने देऊ नका. जास्त झालेलं जस्तही विषारी. ठकीला जेवण पहाटेच्या फेरीनंतर तासाभराने आणि रात्री. कांदा-लसूण नाही, द्राक्षं-बेदाणे अजिबात नाहीत. नैवेद्याच्या शिऱ्यातला बेदाणासुद्धा आम्ही वेचून काढतो.

डोळे निळे, तपकिरी किंवा एक-एक असले तरी दृष्टीत फरक नसतो. पण या जातीत लहान वयात मोतीबिंदू आणि काचबिंदू येऊ शकतो. डोळा लाल, धुरकट, मिटून धरलेला दिसला तर उद्यावर ढकलू नका. हिवाळ्यात नाकाचा काळा रंग मधेच गुलाबी झाला तर घाबरू नका, पुष्कळ हस्कींचा होतो.

कडी

१९२५ साली अलास्कातल्या नोम गावात घटसर्प पसरला तेव्हा कुत्र्यांच्या गाड्यांनी सुमारे १,०८५ किलोमीटरवरून त्यावरचं प्रतिविष (अँटिटॉक्सिन) नेलं. त्यातला सर्वांत लांबचा टप्पा टोगो नावाची हस्की म्होरक्या असलेल्या गाडीने पार केला. हा टोगो पिल्लू असताना त्याचा मालक आणि त्या गाडीचा चालक लिओनार्ड सेपाला याने दुसऱ्यांना देऊन टाकला होता. टोगोने बंद खिडकीची काच फोडली आणि धावत परत आला. सांगायचा मुद्दा, पळून जाणं हा हस्कीचा बिघाड नव्हे. तो रागावून किंवा तुम्ही आवडत नाही म्हणून पळत नाही. पुढे रस्ता आहे, म्हणून पळतो.

घराची पाहणी कुत्र्याच्या नजरेने करा, गुडघ्यांवर बसून. आमची कंपाउंड वॉल साडेचार फुटांची होती. ठकी ती चढली नाही. भिंतीला टेकून लावलेल्या स्कूटरच्या सीटवर चढली आणि तिथून पलीकडे. भिंतीपासून चार फुटांत कुंडी, टाकी, गाडी, विटांचा ढीग काही नको. एकूण उंची सहा फूट तरी हवी. वर वेल्डरकडून कोन लावून जाळी वाढवा. जाळीच्या माथ्यावर तारेत ओवलेला पीव्हीसी पाइप लावला तर पंजा टेकला की पाइप फिरतो आणि पकड सुटते. स्वस्त आणि बिनचूक. भिंतीवर काचा लावायची आपल्याकडची पद्धत आहे, ती असेल तर फोडून काढा. शेतातलं झटका मशीन तर नकोच. ससा दिसलेल्या हस्कीला झटका बसतो तो भिंतीपलीकडे गेल्यावर, आणि मग त्याच झटक्याच्या भीतीने तो परत आत येत नाही.

उकरणं हा दुसरा मार्ग. भिंतीच्या पायथ्याशी आतल्या बाजूला दोन फूट रुंद वेल्डमेश जाळी आडवी अंथरून चार-सहा इंच माती टाका, किंवा शहाबादीच्या फरश्या जोडून ठेवा. अंगणाचा एक सावलीतला कोपरा मात्र तिला उकरायला सोडा, तिथली ओली माती हाच तिचा एसी.

दार हे सगळ्यांत दुबळं ठिकाण, कारण ते माणसं उघडतात. सरकती कडी ठकी नाकाने उचलायची. आता कोयंड्यात गिर्यारोहकांचा हुक अडकवलेला असतो. फाटकाच्या आत पाच फुटांवर दुसरं हलकं फाटक बसवलं आणि घरात नियम केला: दोन दारं एकाच वेळी उघडी दिसली नाहीत पाहिजेत. फ्लॅटमध्ये हेच काम सेफ्टी डोअर करतं. कुरिअरवाला, सिलिंडरवाला, कचऱ्याच्या मावशी, शेजारची पोरं, सगळ्यांना एकदा समजावून सांगा. बाल्कनीला आणि सरकत्या खिडक्यांना लोखंडी ग्रिल हवं. डासांची जाळी म्हणजे अडथळा नव्हे. लिफ्टमध्ये कुत्रं आधी आत, पट्टा आखूड धरून. दारात पट्टा अडकला तर वेळ मिळत नाही.

उंबऱ्यावर ‘थांब’ शिकवायला पंधरा दिवस लागतात. लीश लावा, दाराच्या मुठीला हात लावा. उठला की हात मागे. बसला की दार चार बोटं उघडा. उठला की बंद. बोलायचं नाही, ओढायचं नाही, दारच त्याला उत्तर देतं. दिवसातून दोनदा पाच मिनिटं. पूर्ण उघड्या दारात बसून राहिला की बाहेर नेणं हेच बक्षीस.

रस्त्यावर हस्की कधीही मोकळा सोडू नका. वर्षभर ऐकणारा कुत्रा वेताळ टेकडीवर मोर दिसला की एका क्षणात बहिरा होतो. बकऱ्या, कोंबड्या, मांजरं यांच्याबाबत तर बोलायलाच नको. गावी नेलात तर भरपाईचे पैसे खिशात ठेवा. नेहमीच्या हार्नेसमधून तो मागे सरकून अंग काढून घेतो, कारण जाड दिसते ती लव असते. हार्नेसच्या जोडीला ओढल्यावर थोडा आवळणारा मार्टिंगेल गळपट्टा घाला आणि लीश दोन्हींत अडकवा. मोकळेपणा द्यायचा तर दहा मीटरचं दावं हार्नेसला बांधा, गळपट्ट्याला नाही. आपोआप गुंडाळणारी बारीक दोरी हातातून निसटते आणि खडखडत मागे धावते, त्या आवाजाने कुत्रं आणखी पळतं.

हुंगण्याचे खेळ पळण्याइतकेच दमवतात. रात्रीचं अर्धं खाणं आम्ही गवतात विखरून देतो. दमलेली हस्की रडतही कमी. हो, हे कुत्रं भुंकण्यापेक्षा गळा काढतं, आणि शेजारणीला वाटतं आपण मारतोय. दोन-चार शेजाऱ्यांना आधीच चहाला बोलावून ओळख करून दिलेली बरी. सोसायटीने बंदीची भाषा केलीच तर भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाचं २०१५चं परिपत्रक दाखवा. पाळीव प्राण्यावर किंवा त्याच्या लिफ्टवापरावर सरसकट बंदी घालता येत नाही. मात्र महापालिकेचा परवाना आणि रेबीजच्या लशीचा दाखला आपल्या हातात हवा.

दिवाळीत आणि विसर्जनाच्या दिवशी ठकी आतल्या खोलीत, खिडक्या बंद, हार्नेस अंगावरच. मायक्रोचिप जरूर बसवा, पण ती जीपीएस नाही. कुणीतरी वाचल्याशिवाय ती बोलत नाही. गळपट्ट्यावर फोन नंबर कोरलेला बिल्ला हवाच.

इतकं करूनही सुटला तर? मागे धावू नका, त्याला तो खेळ वाटतो आणि त्यात तो जिंकणारच. नजरेच्या टप्प्यात असेल तर उलट दिशेला पळा, खाली बसा, खाऊचा डबा वाजवा, गाडीचं दार उघडून हाक मारा. दिसेनासा झाला असेल तर एक जण फाटक उघडं ठेवून घरीच थांबू दे, बाकीचे दोन-दोनच्या जोडीने निघा. फोटो गल्लीतल्या वॉचमन, दूधवाले, रिक्षावाले यांना आधी पाठवा. पहाटे पुन्हा शोधा, तेव्हा रस्ते शांत असतात.

आणि थंड, ओल्या जागा आधी बघा. तिसऱ्यांदा ठकी सुटली तेव्हा मे महिन्यातली सकाळची दहाची वेळ होती. मी टेकडीच्या पायथ्याशी, मुलगा कालव्यावर, बायको घरी. तासाभराने फोन आला तो हमरस्त्यावरच्या रसवंतीतून. बाकाखाली, बर्फाच्या लादीवर टाकलेल्या ओल्या पोत्याला पाठ लावून बाई झोपल्या होत्या आणि गिऱ्हाइकं फोटो काढत होती. ताप मोजला, १०२.२. रसवाल्या काकांनी त्या लादीचे पैसे घेतले नाहीत, पण लादी बदलायला मात्र लावली.